दादाचा दमा गेला, माझा आला

"पथ्य मोडलं आसंल तिनं. न्हाईतर आमच्या अनिकेतचा कसा गेला मग?"

पडद्यापलीकडून आत्याचा आवाज आला. आत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण, आणि अनिकेत म्हणजे माझा दादा. आत्या भोसरीत राहते, आणि हळू बोलणं तिला जमत नाही. आई तिला काहीतरी पुटपुटून उत्तर देत होती. मी पडद्याच्या अलीकडे, तोंडावर नेब्युलायझरचा मास्क लावून बसले होते. आडवं होताच येत नव्हतं. हात मांड्यांवर रोवून, खांदे वर ओढून, पुढे झुकून बसायचं. दम लागलेलं माणूस आपोआप असंच बसतं, कुणी शिकवावं लागत नाही.

पथ्य मी मोडलं नव्हतं. पण हे सांगायला तेव्हा माझ्याकडे श्वास नव्हता. आणि श्वास असता तरी मी बोलले नसते. मी तशी आहे.

दादाचं लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता. माझ्या हातावरची मेंदी अजून गडद होती आणि तिच्यावरच सलाइनची चिकटपट्टी लावलेली होती. तेवढ्यात पडदा बाजूला करून दादा आत आला. लिफ्टला रांग होती म्हणून तो जिन्याने वर चढून आला होता. "कशी आहेस आता, सायली?" त्याने विचारलं. मी मान हलवली. मी त्याच्या छातीकडे बघत होते. इतके मजले चढून आला होता, पण शर्टाची बटणंसुद्धा वरखाली होत नव्हती.

आजारपणाबद्दल लिहिणारे लोक भीतीबद्दल लिहितात, आशेबद्दल लिहितात. मीही लिहीन. पण त्या पलंगावर मला सगळ्यात जास्त काय वाटलं असेल, तर मत्सर. माझ्याच भावाच्या श्वासाचा.

दादाचा दमा

दादा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. लहानपणी दमा त्याला होता, मला नव्हता. आम्ही तेव्हा चिखलीत दोन खोल्यांत राहायचो. पप्पा लातूरकडून येऊन चाकणच्या एका कंपनीत लागले होते. दादाला दम लागला की आमचं सगळं घर त्याच्याभोवती फिरायचं. मिरचीची फोडणी बंद. उदबत्ती बंद. गाद्या रोज उन्हात. पप्पा शिफ्ट बदलून घ्यायचे आणि त्याला खांद्यावर टाकून दवाखान्यात न्यायचे. मी शेजारच्या काकूंकडे माझं ताट घेऊन जायचे.

मला त्याच्या आजारपणाचाही मत्सर वाटायचा. एकदा मी मुद्दाम खोकून बघितलं. आई म्हणाली, "पाणी पी."

आमच्या गावाजवळ एक वैद्य कोजागरीला खिरीतून दम्याचं औषध द्यायचे. तीन वर्षं ओळीने घ्यायचं आणि वर्षभर पथ्य पाळायचं. दही नाही, केळं नाही, चिंच नाही, लिंबू नाही. दादाने तीनही वर्षं ते औषध घेतलं. तिसऱ्या वर्षी तो पंधरा वर्षांचा होता. त्याच वर्षी त्याचा आवाज फुटला, ओठावर लव आली, आणि थंडी गेली तरी त्याला एकदाही दवाखान्यात न्यावं लागलं नाही. पुढच्या वर्षी तो शाळेच्या टीममध्ये फास्ट बोलिंग टाकत होता. आईने गावाला जाऊन वैद्यांना नारळ आणि धोतरजोडी दिली.

फक्त मला एक गोष्ट माहीत होती. त्या तिसऱ्या वर्षी निगडीच्या क्लासबाहेर मी दादाला पाणीपुरी खाताना पाहिलं होतं. शेवटची पुरी झाल्यावर त्याने प्लेट तोंडाला लावून चिंचेचं पाणीही पिऊन टाकलं. मग त्याला मी दिसले.

"घरी बोललीस तर बघ," तो म्हणाला.

मी बोलले नाही. मला वाटलं, आता ह्याला रात्रीच दम लागेल आणि सगळं उघड होईल. मी वाट बघत होते. काहीच झालं नाही.

माझा

माझा दमा मी नववीत असताना सुरू झाला. त्याच वर्षी मला पाळी आली होती. दोन्ही गोष्टी एकाच वर्षात झाल्या, पण त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल असं आमच्या घरात कुणाच्या डोक्यात आलं नाही. आत्या म्हणाली, "त्याचा सुटला आन् हिला धरलं बघा," जणू घरात एकच दमा होता आणि तो एका खोलीतून उठून दुसऱ्या खोलीत गेला.

मलाही खिरीला नेलं. मी पथ्य पाळलं. माझ्यासारखं कुणीच पाळलं नसेल. शाळेत मैत्रिणी कैरी आणायच्या, मी वास घेऊन परत द्यायचे. घरी दादा माझ्यासमोर दहीभात खायचा, कारण तो आता बरा झालेला माणूस होता. तीन कोजागऱ्या झाल्या. माझा दमा तिथेच. मग घरात हळूहळू एक समजूत तयार झाली की औषध चांगलंच आहे, अनिकेतला गुण आलाच ना, म्हणजे पोरीनेच कुठेतरी बाहेर काहीतरी खाल्लं असणार.

माझ्या दम्यासाठी फोडणी बंद झाली नाही. तोवर आम्ही मोशीत मोठ्या फ्लॅटमध्ये आलो होतो, किचनला एक्झॉस्ट होता. "दार लावून घे," एवढंच. डॉक्टरांनी रोजचा एक पंप आणि दम लागला तर घ्यायचा एक निळा पंप दिला. निळा मी पेन्सिल पाउचमध्ये ठेवायला शिकले. पुढे चाकणला नोकरी लागली तेव्हा कंपनीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून, ओढणीआड तो घ्यायला शिकले.

दादाही चाकणलाच. तो प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबायच्या मशीनवर आहे. तेल, धूर, पत्र्याची धूळ, सगळं छातीत जातं. घरी येतो, तोंड धुतो आणि जिमला जातो. मी एसीच्या ऑफिसात बसून रिपोर्ट तपासते आणि घरचा जिना चढताना मध्ये थांबते. थांबले की मोबाइल काढते, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं मेसेज बघतेय.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. पाळी यायच्या आधीचे दिवस वाईट जायचे. छातीवर कुणी वीट ठेवल्यासारखं वाटायचं. पाळी सुरू होऊन एक-दोन दिवस झाले की वीट उतरायची. दर महिन्याला नाही, पण बहुतेक महिन्यांत. मी हे कुणाला सांगितलं नाही. कसं सांगणार? आमच्या घरात त्या गोष्टीला नावच नव्हतं. आई "अडचण" म्हणायची, आत्या "भायेर बसली" म्हणायची, आणि शाळेत आम्ही "आय ॲम डाउन" म्हणायचो. "पाळी" हा शब्द मी वाचला होता. माझ्या तोंडातून तो कधी बाहेर पडला नव्हता.

गोळ्या

घरात देवाचं काही असलं की आई बोटांवर दिवस मोजायची आणि वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली एक पुडी माझ्या उशीखाली ठेवायची. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. गौरीगणपती, वास्तुशांती, मामाच्या मुलीचं लग्न. मेडिकलवाला चिठ्ठी मागत नाही. आई स्वतः आयुष्यभर त्याच घेत आली होती. तिच्या लेखी ते औषध नव्हतंच. पाहुणे यायच्या आधी पडदे धुवावेत तसं ते एक काम होतं.

दादाच्या लग्नातही घेतल्या. हळदीच्या आधीपासून ते पूजा होईपर्यंत. लग्न मोशीच्या एका लॉनवर होतं. नवरा-नवरी स्टेजवर आले तेव्हा मशीनमधून पांढरा धूर सोडला, वरून चमकीचे कागद उडवले. दादा त्या धुरातून राजासारखा चालत आला. मी खुर्च्यांच्या मागे उभी राहून निळा पंप घेतला. रोजचा पंप मात्र लग्नाच्या गडबडीत बॅगेच्या तळाशी राहिला होता. कुणी विचारलं नाही, मीही शोधला नाही.

पूजा झाली, मी गोळ्या थांबवल्या. नंतरच्या दोन दिवसांत वीट आली. ह्या वेळी ती उतरेना. तिसऱ्या दिवशी सकाळी निळा पंप पुन्हा पुन्हा घेऊनही काही होईना आणि मला वाक्य पूर्ण करता येईना. "आई, मला" एवढं म्हणून मी थांबले. दादाने मला उचलून गाडीत टाकलं. जिना उतरताना माझा कान त्याच्या छातीवर होता. आत किती शांत होतं. इतक्या घाबरलेल्या अवस्थेतही मला वाटलं, ह्यातलं थोडं मला का नाही?

हॉस्पिटल

मनगटातून रक्त घेतात ते फार दुखतं, हे आधीच सांगून ठेवते. ती सुई शिरेत नाही, धमनीत जाते. नेब्युलायझरच्या औषधाने हात थरथरतात, स्टेरॉइडमुळे तोंड कडू होतं, झोप येत नाही. नाकात ऑक्सिजनची नळी असली की शेजारच्या माणसाशी बोलावं लागत नाही. हा एक फायदा.

पहिल्या दिवशी छातीचे डॉक्टर आले. पन्नाशीचे असतील, चष्मा कपाळावर. पलंगाभोवती आई, आत्या, दादा आणि नवी वहिनी उभे होते.

"हे असं एकाएकी कशामुळे झालं ते मला कळायला हवं," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा असंच झालं आणि यायला उशीर झाला, तर जिवावर बेतू शकतं. नवीन काही औषध? कुठल्या गोळ्या?"

"नाही हो, काहीच नाही," आई म्हणाली.

ती खोटं बोलत नव्हती. मी तिच्याकडे पाहिलं. मग दादाकडे, मग वहिनीकडे, जिची माझी ओळख होऊन महिनाही झाला नव्हता. आणि मी मान खाली घातली. जिवावर बेतू शकतं हे ऐकूनही मला जास्त भीती वाटली ती दादासमोर तो शब्द उच्चारण्याची.

दुपारी त्या पलंगावरच मला पाळी आली. हातात सुई, नाकात नळी, आणि समोरच्या पलंगाची गादी बदलायला दोन वॉर्डबॉय आलेले. वॉर्डमधल्या मावशींनी माझ्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं आणि त्या दोघांना म्हणाल्या, "ए भावांनो, तिकडं व्हा जरा, मंग करा तुमचं." पडदा ओढला. चादर बदलली, पॅड दिला, माझे पाय पांघरुणात नीट घातले. त्यांचं नावही मला माहीत नाही.

संध्याकाळी दादा एकटाच बसला होता. नेब्युलायझर चालू होता. तो त्या वाफेकडे बघत म्हणाला, "मी पण असाच बसायचो ना गं? पप्पा सांगतात. मला आता आठवतच नाही कसं वाटायचं ते."

तो प्रेमानेच बोलला. पण मला वाटलं, नळी काढून त्याच्या अंगावर फेकावी. बरं झाला ते ठीक. विसरलासुद्धा?

इंग्रजीत

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर एकटेच आले. आई चहा आणायला गेली होती. मला एका दमात एक वाक्य बोलता येत होतं. मी ते इंग्रजीत बोलले. शाळेतल्या धड्यातलं असावं तसं, खिडकीकडे बघत. लग्नासाठी पिरियड्स पोस्टपोन करायच्या गोळ्या घेतल्या होत्या, आणि तसाही दम बहुतेक वेळा पिरियड्सच्या आधीच लागतो.

इंग्रजीत ते माझं नसल्यासारखं वाटलं, म्हणून जमलं.

डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, स्टूल ओढून बसले आणि मराठीत बोलायला लागले. "बऱ्याच बायकांना असं होतं. पाळीच्या आधी शरीरातले काही हार्मोन्स झपकन खाली येतात, आणि काहींच्या फुप्फुसांतली सूज तेव्हा वाढते. ह्या गोळ्याही हार्मोनच्याच. त्या थांबवल्या की तसाच उतार होतो. तुझा अटॅक गोळ्यांमुळेच आला असं मी छातीठोकपणे नाही सांगू शकत. धूर होता, दगदग होती, रोजचा पंप सुटला होता. पण मला न विचारता ह्या गोळ्या पुन्हा घ्यायच्या नाहीत. स्त्रीरोगतज्ज्ञांनाही एकदा दाखवू."

मी विचारलं, "मग माझ्या भावाचा कसा गेला?"

"किती वर्षांचा होता?"

"पंधरा."

ते हसले. "मुलांचा बरेचदा त्याच वयात कमी होतो. सगळ्यांचा नाही, काहींचा परतही येतो. पण लहानपणी दमा मुलांमध्ये जास्त दिसतो आणि वयात आल्यावर मुलींमध्ये. पुरुषांच्या हार्मोनमुळे ती सूज थोडी आवरली जाते असं दिसतं. सगळं आम्हालाही अजून कळलेलं नाही."

म्हणजे खीर नव्हे, पथ्य नव्हे. त्याचा आवाज फुटला, मिशी आली आणि त्याच ओघात छाती मोकळी झाली. त्याने काहीच केलं नव्हतं. मीही काही चुकवलं नव्हतं.

हे कळल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. काही वाचणाऱ्यांना वाटेलही, आणि वाटावं म्हणूनच मी हे लिहितेय. तुमचाही दम महिन्यातल्या ठरावीक दिवसांत वाढत असेल तर तारखा लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. कुठल्या भाषेत सांगता ते महत्त्वाचं नाही. पण मला त्या सकाळी हलकं वाटलं नाही. मत्सर उलट वाढला. आजवर मला वाटायचं की दादाने निदान तीन वर्षं दही सोडून काहीतरी कमावलं होतं. आता कळलं की त्याला ते आयतंच मिळालं होतं, उंचीसारखं. उंचीवरून भांडता येत नाही.

"घरी सांगशील ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. आई चहा घेऊन आली. मी चहा प्यायले.

पूजा

घरी आल्यावर सगळे माझ्याशी फार चांगले वागले. ते लिहिलंच पाहिजे. पप्पांनी देवघरातली उदबत्ती स्वतः उचलून ठेवली. वहिनी, जिच्या नुसत्या मोकळ्या हसण्याचाही मला मत्सर वाटायचा, रोज सकाळी माझा पंप ब्रशशेजारी काढून ठेवायची, म्हणजे विसरायला नको. आई रोज विचारायची, "कसं वाटतंय?" आणि मी रोज म्हणायचे, "बरं." गोळ्यांचं मात्र मी काढलं नाही. उद्या सांगू, असं करत दिवस गेले.

मग एका रविवारी आत्या आली. हॉस्पिटलमध्ये असताना तिने बोलून ठेवलं होतं, पोरगी धड घरी आली की सत्यनारायण घालू. माझ्यासाठी. जेवणं चालू असतानाच तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं.

"पुनवेला घालू. पावनेरावळे बोलवू. काय म्हन्तोस, भाऊ?"

पप्पा म्हणाले, "घालू की."

आईचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता. मी ते बघत होते, मला तो हिशेब पाठ होता. मग ती उठली, आत गेली आणि भाताचं पातेलं घेऊन बाहेर आली. मला भात वाढता वाढता तिने वर्तमानपत्राची पुडी माझ्या ताटाच्या कडेखाली सरकवली. कुणाला दिसणार नाही अशी. माझ्या बऱ्या होण्याच्या पूजेसाठी.

माझ्या समोर दादा दहीभात कालवत होता. वाटी पुसून घेतली, बोटं चाटली, आणि सावकाश, पोटभर, पूर्ण श्वास घेतला. मला तो श्वास ऐकू आला.

"ह्या टायमाला तरी पथ्य पाळ बाई," आत्या मला म्हणाली. "भावाकडं बघून तरी शीक."

दादा हसला. त्याला पाणीपुरी आठवली की नाही कोण जाणे.

मी पुडी ताटाखालून काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी ताटांच्या मधोमध ठेवली. आईचा हात ती उचलायला पुढे आला. मी तो धरला. रागाने नाही. मग बसल्या जागी मी एक श्वास घेतला, मला येतो तेवढा, आणि मराठीत बोलले.

"आत्या, पथ्य दादाने मोडलं होतं. क्लासबाहेर पाणीपुरी खाऊन. मी एकदाही मोडलं नाही. आणि आई, ह्या गोळ्या मी घेणार नाही, डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलंय. पूजेच्या दिवशी मला पाळी येईल. पाळी. येऊ दे. मी इथेच बसणार आहे, दादाच्या शेजारी."